समुद्राचं पेव

रत्नागिरीहून सोलापूरकडे येणारा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग कोल्हापूर, मिरज, सांगोला मागे टाकत मंगळवेढ्यावरून जातो. या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मिरकरवाडा बंदर आहे, हे गावात कुणाच्या ध्यानीमनी नसतं. आमचा मुलूख कोरडवाहू. काळं रान, मालदांडी ज्वारी, परतीचा पाऊस चुकला की वर्षभराचा घोर. समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. पुष्कळांनी तो पाहिलेला असतो गणपतीपुळ्याच्या सहलीत, घोट्याभर पाण्यात उभं राहून. तरीही आठवडी बाजारात कांद्यालसणाच्या ओळीच्या शेवटी, इतरांपासून जरा हटून, एखादी मावशी गोणपाटावर ढीग लावून बसलेली असते. सुकट, बोंबील, वाकट्या, कधी सुकी मांदेली. मंगळवेढ्याला समुद्र भेटतो तो असा, मापट्याने.

संतांचं गाव. त्या ओळीपाशी नाकाला पदर लावून जाणाऱ्या असतात, तशा पिशवीच्या तळाशी पुडी दडवून घरी नेणाऱ्याही असतात. घरात माळकरी सासरा असेल तर सून परसात तीन दगड मांडते. तव्यावर सुकट कोरडी भाजायची, मग कांदा, ठेचलेला लसूण, लाल तिखट. वास गल्लीभर. सासरा काही बोलत नाही, फक्त अंगणातली बाज उचलून पलीकडे टाकतो. रोजगाराला निघालेल्या बाईच्या फडक्यात भाकरीवर जी लालसर चटणी असते, तिच्या अंगातलं बळ पुष्कळदा या मापट्यातून आलेलं असतं.

सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. कोळंबीच्या कुळातला, बोटाच्या पेराएवढा जीव. जिवंतपणी इतका पारदर्शक की पाण्यात पाणीच हललं असं वाटावं. एका मापट्यात असे किती मावतात ते कुणी मोजत नाही. वाघ मेला की बातमी होते, देवमासा किनाऱ्याला लागला की गाव लोटतं. जवळ्याला, मांदेलीला, तारलीला मरण म्हणून नसतंच, त्यांचा फक्त भाव असतो. कधी चढलेला, कधी पडलेला. त्यांचं सुतक कुणी धरलेलं ऐकिवात नाही, म्हणून निदान चार ओळींचं तरी धरावं.

पण शोक नुसता त्यांच्यापुरता केला तर तो अर्धाच होईल. या बारक्या जिवांची थोरवी ते कुणाच्या तोंडी जातात यात आहे. समुद्रावर पडणारं ऊन आधी उतरतं ते पाण्यात तरंगणाऱ्या हिरव्या कणांत. ते कण सुरमईला खाता येत नाहीत. घोळ, दाढा, वाम, मुशी, गेदर, यांतल्या कुणालाच येत नाहीत. उन्हाचं मांस करायचं काम जवळा करतो, तारली करते, मांदेली करते. तेही मोठ्या तोट्याने. भक्ष्यातून भक्षकात जाताना ढोबळमानाने दहातले नऊ हिस्से जगण्यातच जळून जातात, एक हिस्सा अंगी लागतो. किलोभर सुरमई ताटात येते तेव्हा तिच्यामागे दहा किलोंच्या घरात बारीक मासळी समुद्राने आधीच मोजून दिलेली असते.

आमच्याकडे ज्वारी पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खणलेला खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, तोंड मातीने लिंपलेलं. वरून चालणाऱ्याला पायाखाली वर्षाची बेगमी आहे याचा पत्ता लागत नसे. बारीक मासळी हे समुद्राचं पेव. ते गेली काही दशकं तोंड उघडं टाकून उपसलं जात आहे.

उत्तन, अर्नाळा, वर्सोवा, सातपाटी या पट्ट्यात डोल लावतात. भरती-ओहोटीच्या ओढीत बांधून ठेवलेलं लांबलचक जाळं. तोंड अवाढव्य आणि शेवटचा खोला अगदी बारीक आसाचा. पाणी आत शिरतं, निघून जातं, पाण्याबरोबर आलेला जीव राहतो. बोंबील जवळ्याच्या मागावर येतो आणि दोघंही एकाच खोल्यात सापडतात. खाणारा आणि त्याचं खाणं एका टोपलीत. पुढे जवळा जमिनीवर पसरला जातो, बोंबील वलांड्यांवर तोंडात तोंड अडकवून टांगला जातो. आणि व्यापाऱ्यांच्या गोण्यांतून दोन्ही घाट चढून आमच्यापर्यंत येतात. डोलीचा खोला बारीक असतो हे खरं, त्यात मोठ्या माशांची पोरंही येतात हेही खरं. तरी सगळं खापर डोलकरावर फोडणं मला पटत नाही. डोलीला समुद्राची ओढच थांबवते. उधाण-भांगाचं गणित तिला पाळावंच लागतं. इंजिनाला कुणी थांबवायचं?

पर्ससीनचं काम निराळं. तारली आणि बांगडा थव्याने राहतात. लाखो वर्षांत त्यांना सापडलेली ती एकच ढाल. सुरमई आली तर चार नेईल, बाकीचे झळाळत सुटतील. थव्यात एकेकाचा जीव स्वस्त, पण जात टिकते. पर्ससीन याच ढालीवर बेतलेलं आहे. थव्याला वेढा पडतो, खालची दोरी ओढली जाते, तळ आवळतो आणि थवाच्या थवा वर येतो. यातली कपटी गोष्ट अशी की समुद्रातला साठा अर्धा झाला तरी उरलेले मासे विखरून राहत नाहीत, ते पुन्हा दाटीनेच एकत्र येतात. म्हणून जाळं शेवटपर्यंत भरून येतं. भरलेल्या जाळ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला समुद्र रिता होतो आहे हे सांगून पटणार कसं? त्यात रात्रीचे एलईडी दिवे. अंधारात उजेडाकडे ओढलं जाणं हा या जिवांचा स्वभाव, तोही आपण हिशेबात धरला.

मालवणच्या बाजूला रापण ओढतात. किनाऱ्यावरून वेढा घालायचा, दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा, आणि मग जे लागेल त्याचे वाटे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. रापणीची वाट बघण्याची रीत आहे: मासा किनाऱ्याला यावा लागतो. बाहेर पर्ससीनने वेढा घातला तर किनाऱ्याला यायला उरतं काय, हे भांडण सिंधुदुर्गात वर्षानुवर्षं चालू आहे. मोर्चे निघाले, समुद्रात बोटी अडवल्या गेल्या. बातम्यांत ते पारंपरिक विरुद्ध यांत्रिक असं छापून येतं. त्या भांडणात तिसरा एक पक्ष असतो आणि त्याला मोर्चा काढता येत नाही.

त्या पक्षातले काहीजण किनाऱ्यावरूनही दिसतात. मालवण, देवबाग, तारकर्लीच्या उथळ पाण्यात कुबड असलेले डॉल्फिन फिरतात, मच्छीमार त्यांना गादे म्हणतात. गादा जाळी फाडून मासे पळवतो, ही तिकडच्या होडीवाल्यांची तक्रार. नुकसान खरं असतं, फाटलेलं जाळं पुन्हा विणायला हात आणि पैसा दोन्ही लागतात. पण गाद्यालाही पोट आहे, त्याच पाण्यावर, त्याच मासळीवर. मोकळ्या पाण्यात कमी मिळालं की भरलेल्या जाळ्याशी यायचं, हे शहाणपण कुणाही भुकेल्याला असतं. त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरय विणीला येतात. हुमायून अब्दुलालींनी १९४० च्या सुमारास या खडकांवरच्या सुरयांविषयी आणि पाकोळ्यांविषयी लिहून ठेवलं आहे. सुरय हा देखणा पक्षी, पांढऱ्या धारेचा, हवेत थबकून सरळ सूर मारणारा. पण पिल्लाच्या चोचीत मावेल तेवढाच मासा त्याच्या कामाचा. मोठा मासा विपुल असून भागत नाही. बोटभर मासळीचा थवा विणीच्या त्या थोड्या आठवड्यांत, त्या खडकापासून उडून परत येता येईल एवढ्या अंतरावर असावा लागतो. तो नसला तर आईबाप दूर जातात, उशिरा येतात, आणि खडकावरचं पिल्लू उन्हात वाट बघतं. तिथे कुणी पक्षी मारलेला नसतो. पंचनाम्यात लिहावं असं काहीच सापडत नाही.

हे पिल्लू जगात पुष्कळ ठिकाणी वाट बघत मेलं आहे. नॉर्वेच्या रोस्ट बेटांवर हेरिंगचा साठा साठच्या दशकाअखेर बसला आणि पुढे सत्तरच्या दशकात तिथल्या पफिन पक्ष्यांची पिल्लं वर्षामागून वर्षं घरट्यात उपाशी गेली. पेरूच्या किनाऱ्यावर अँचोवी म्हणजे आपल्या मांदेलीची भावंडं. १९७० मध्ये एकट्या पेरूने सव्वा कोटी टनांच्या घरात ती काढली, जवळपास सगळी वाळवून, दळून, कोंबड्याडुकरांना घालायला. १९७२ मध्ये एल निनोचं गरम पाणी आलं आणि १९७३ ला पकड वीस लाख टनांच्या आसपास घसरली. तिथल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर होते, एकोणिसाव्या शतकात त्या खतावर त्या देशाची तिजोरी चालली होती. खत देणारे पक्षी मासळीबरोबर लाखोंनी गेले. नामिबियात तर पेव उपसून झाल्यावर रिकाम्या जागेत दुसरंच कुणी राहायला आलं. तारली गेली आणि जेलीफिश वाढले, इतके की शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा त्या पाण्यात माशांपेक्षा जेलीफिशचं वजन जास्त भरलं. त्यांना खाऊन फारसं कुणाचं पोट भरत नाही.

आपल्या बाजूची नोंद केरळात आहे. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्था दरवर्षी किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीचा हिशेब मांडते. २०१२ मध्ये केरळात सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये उतरली ३,२९७ टन, १९९४ नंतरची सगळ्यात कमी. मल्याळी माणसाच्या रोजच्या जेवणातली मासळी, एकेकाळी इतकी मुबलक की नारळाच्या बुंध्याशी खत म्हणून पुरत, ती शेकड्यात एकाहून कमी झाली.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी, नाहीतर शोकाच्या भरात खोटं बोलल्यासारखं होईल. तारली अशी आधीही गेली होती. १९४० च्या दशकात ती पश्चिम किनाऱ्यावरून जवळजवळ दिसेनाशी झाली होती, तेव्हा पर्ससीन नव्हतं. पाणी तापलं, वारे उशिरा सुटले, खालचं थंड अन्नमय पाणी वर आलं नाही की या माशांची वीण फसते. चढउतार हा त्यांचा जन्मजात धर्म आहे. पण शास्त्रज्ञांनी जगभरचे साठे तपासून जे दाखवलं ते याहून जास्त टोचणारं आहे. उतार निसर्गाचा असतो, आणि उतारावर असतानाही जाळी तितक्याच जोराने चालू राहिली तर तो उतार कडेलोट होतो. आमच्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाऊस देवाच्या हातचा, पण दुष्काळात कोठाराला कुलूप लावणारा हात माणसाचा असतो.

म्हणून मला दामाजीपंत आठवतात. पंधराव्या शतकातले, बिदरच्या बहामनी बादशाहीचे मंगळवेढ्यातले अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं झाडपाला खाऊ लागली, आणि सरकारी धान्याची कोठारं या माणसाने भुकेल्यांना उघडून दिली. पुढे विठू महाराच्या रूपात विठोबाने बिदरला जाऊन रक्कम भरली, ही कथा महाराष्ट्रभर कीर्तनांतून गेली. मी ती भक्तीची म्हणून ऐकली, तशी हक्काची म्हणूनही ऐकतो. कोठार सरकारचं की भुकेल्याचं, एवढाच त्यातला सवाल. पंढरी आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटर. तिथल्या मूर्तीच्या कानांत माशांची कुंडलं आहेत. कुणा कोळ्याने भावाने वाहिलेल्या मासळीची ती झाली, असं लोक सांगतात. देवाने मासळी कानाशी ठेवली. आपण तिचं खाद्य केलं.

खाद्य म्हणजे अक्षरशः खाद्य. माणसाने खाल्लेल्या मासळीचं मला दुःख नाही. सुकटीचं मापटं घेणारी बाई समुद्र लुटत नाही, तिच्या आधी किती पिढ्या भाकरीबरोबर तो खात आल्या. दुःख आहे ते गिरणीत जाणाऱ्या मासळीचं. जगात समुद्रातून निघणाऱ्या मासळीचा जवळपास पाचवा हिस्सा फिशमील आणि तेलासाठी जातो. चारपाच किलो ताजी मासळी शिजवून, पिळून, दळून किलोभर भुकटी होते. ती तळ्यांतल्या कोळंबीला जाते, कोंबड्यांना जाते, डुकरांना जाते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही, विशेषतः कर्नाटकात, अशा गिरण्या आहेत, आणि त्यांनी माशांच्या पिलांनाही गिऱ्हाईक मिळवून दिलं. ज्या बारक्या माशाला बाजारात कुणी विचारत नव्हतं, जो जाळ्यातून सुटला तरी कोळ्याला चुटपूट लागत नव्हती, त्यालाही आता वजनावर भाव आला. हीच नेमकी सुरमईची, घोळीची उद्याची पिढी असते. तळ्यातली कोळंबी जहाजाने परदेशी जाते, कोंबडी आमच्या हमरस्त्याच्या ढाब्यावर येते. अशा रीतीने मंगळवेढ्यात माळकरी नसलेला माणूस समुद्र दोनदा खातो. एकदा उघड, मापट्याने. आणि एकदा नकळत, तंदूर करून.

आमची भीमा या बाबतीत समुद्राहून शहाणी निघाली असंही नाही. उजनी धरणाच्या पाण्यात चिलापी माजली आणि जुने मासे मागे पडले. बारीक आसाच्या जाळ्यांना मनाई असूनही मत्स्यबीज काढलं जातं, त्यावर तक्रारी होतात, जाळी जप्त होतात, पुन्हा लागतात. तिथेही पाणथळीवरचे पक्षी आणि नदीवरचे सुरय हाच वाटा मागतात.

कायदा झोपलेला नाही, हे मान्य केलं पाहिजे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा अधिनियम १९८१ चा. डॉ. सोमवंशी यांच्या समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये शासनाने पर्ससीनवर महिन्यांची, अंतराची, परवान्यांच्या संख्येची बंधनं घातली. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका बंद असतात. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला गेला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. अंमलबजावणी किती, हा मिरकरवाड्यापासून डहाणूपर्यंत ज्याने त्याने आपल्या बंदरावर उभं राहून द्यायचा जबाब आहे. पण ही सगळी बंधनं पाळली गेली असं धरलं तरी एक भोक राहतंच. कायदा माशाचा आकार पाहतो, महिना पाहतो, किनाऱ्यापासूनचं अंतर पाहतो. खाणाऱ्याचा वाटा पाहत नाही. पूर्ण वाढलेली तारली शेवटच्या थव्यापर्यंत उचलली तर आकाराचा नियम कुठेच मोडत नाही आणि सुरयचं पिल्लू तरी उपाशीच मरतं.

हा वाटा किती असावा, याचं उत्तर हवेत नाही. २०११ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने जगातल्या सात समुद्रभागांतल्या १४ जातींच्या पक्ष्यांची कित्येक दशकांची नोंद एकत्र केली. बारीक मासळीचा साठा त्याच्या सर्वाधिक पातळीच्या तिसऱ्या हिश्श्याखाली गेला की घरट्यांतली पिल्लं कमी होऊ लागतात, हे सगळीकडे सारखंच दिसलं. तिसरा हिस्सा पाखरांचा. व्यापाऱ्याच्या भाषेत ऐकायचं असेल तर तेही आहे. २०१२ मधल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ही मासळी पकडून मिळणारी किंमत ५.६ अब्ज डॉलर निघाली, आणि पाण्यातच राहून मोठ्या विकाऊ माशांचं पोट भरल्याची किंमत ११.३ अब्ज. पेवात ठेवलेला दाणा विकलेल्या दाण्याच्या दुप्पट मोलाचा ठरला. दक्षिण आफ्रिकेत पेंग्विन तारली-अँचोवीवर जगतात. ते इतके घटले की २०२४ मध्ये त्यांना नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या यादीत टाकावं लागलं. प्रकरण न्यायालयातही गेलं होतं, आणि मार्च २०२५ मध्ये त्यांच्या सहा वसाहतींभोवती तारली आणि अँचोवीची व्यापारी मासेमारी दहा वर्षांसाठी बंद करण्याचं ठरलं. पाखराचा वाटा तिथे कागदावर आला.

आपल्याकडेही तो कागदावर यावा, एवढंच मागणं. तारली, बांगडा, मांदेली आणि जवळा यांचा साठा वर्षाच्या वर्षाला जाहीर करा, आणि तो तिसऱ्या हिश्श्याकडे घसरताना दिसला की जाळी थांबवा. थांबलेल्या काळात डोलकराच्या आणि रापणकराच्या घरची चूल पेटती राहील एवढी भरपाई आधी द्या, नंतर नव्हे. वेंगुर्ल्याच्या खडकांभोवतालचं पाणी सुरयांच्या विणीच्या महिन्यांत पर्ससीनला बंद करा. माणसाच्या ताटात जाऊ शकणारी मासळी गिरणीत जाऊ देऊ नका. आणि मंगळवेढेकरांनो, बाजारात मावशीकडून सुकट जरूर घ्या, तिच्याशी भावावरून घासाघीस करू नका. पण कोंबड्यांचं खाद्य विकत घेताना गोणीत काय दळलं आहे, ते दुकानदाराला एकदा विचारा.